न्यूयॉर्कचा नीतिमत्ता आयोग आणि गव्हर्नरचं पुस्तक: एका प्रकरणाचा अभ्यास

17 जुलै 2020 रोजी न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथून एक पत्र निघालं. राज्याच्या नीतिमत्ता आयोगाच्या विधी विभागातल्या एका अधिकाऱ्याची त्यावर सही होती. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना कोरोनाकाळातल्या आपल्या कामावर पुस्तक लिहायचं होतं आणि त्याचे पैसे घ्यायचे होते. तशी परवानगी द्यावी, अशी विनंती त्यांच्या कार्यालयातल्या विधी सल्लागारांनी केली होती. पत्राने ती परवानगी दिली. अट नेहमीचीच होती: सरकारी कर्मचारी, सरकारी वेळ आणि सरकारी साधनं या कामाला वापरायची नाहीत. आयोगाच्या सदस्यांनी त्यावर मतदान केलं नाही. विषय सभेपुढे आलाच नव्हता.

पुढे कळलं की पुस्तकाचा करार सुमारे 51 लाख डॉलरचा होता.

या एका पत्रातून जे सुरू झालं ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी 2025 मध्ये एका टप्प्यावर आलं. मधल्या साडेचार वर्षांत एक गव्हर्नर पायउतार झाला, एक आयोग बरखास्त झाला, दुसरा उभा राहिला आणि तोही घटनाबाह्य ठरता ठरता वाचला. राज्य पातळीवरचा नीतिमत्ता आयोग कसा बांधलेला असतो आणि तो कुठे अडतो हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण माझ्या माहितीत नाही. आयोगाची बहुतेक सगळी हाडं यात उघडी पडतात: सदस्य कोण नेमतो, चौकशी सुरू करायला किती मतं लागतात, परवानगीवर सही कोणाची असते, सुनावणी कोण घेतो आणि सदस्याला घरी कोण पाठवू शकतो.

आधी एक खुलासा. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो थेट मतदारांनी निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. खाती त्याच्या हाताखाली, अंदाजपत्रक त्याचं, नेमणुका त्याच्या. आपल्या मुख्यमंत्र्यापेक्षाही त्याची पकड घट्ट असते, कारण विधिमंडळात बहुमत गेलं म्हणून त्याची खुर्ची जात नाही. अशा माणसाची चौकशी त्याच्याच राज्यातल्या एका कार्यालयाने करायची, हा मुळातला पेच आहे.

रोजचं काम

नीतिमत्ता आयोग म्हटलं की डोळ्यांपुढे छापे आणि अटक येते. प्रत्यक्षात या कार्यालयाचा बहुतेक दिवस कागदपत्रांत जातो. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त पगाराचे आणि धोरण ठरवणारे अधिकारी, आमदार, गव्हर्नर या सगळ्यांनी दरवर्षी 15 मेपर्यंत मालमत्ता आणि उत्पन्नाचं विवरणपत्र भरायचं असतं. ती विवरणपत्रं इथे येतात आणि इथेच तपासली जातात. सरकारकडे कोणाची तरी बाजू मांडण्यासाठी पैसे घेणारे लोक, ज्यांना सगळे लॉबिस्टच म्हणतात, त्यांची नोंदणीही इथेच होते. त्यांना कोणी किती पैसे दिले, कोणत्या विधेयकासाठी ते कोणाला भेटले, याचे अहवाल ठरल्या मुदतीत द्यावे लागतात.

तिसरं काम सल्ल्याचं. एखाद्या कर्मचाऱ्याला संध्याकाळी दुसरीकडे शिकवायचं असतं, कोणाला नोकरी सोडून त्याच क्षेत्रातल्या खासगी कंपनीत जायचं असतं, कोणाला परिषदेचं निमंत्रण आलेलं असतं आणि तिकीट आयोजक काढणार असतात. हे चालेल का, असं आयोगाला आधी विचारायचं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं आपल्याच जुन्या खात्यापुढे कोणाच्या वतीने उभं राहायचं नाही, हा तिथला नियम बऱ्याच जणांना याच टप्प्यावर पहिल्यांदा कळतो. आयोगाचा सल्ला घेऊन आणि त्यातल्या अटी पाळून वागलेल्या माणसाला नंतर संरक्षण मिळतं. म्हणून सल्ला हे आयोगाचं सगळ्यांत उपयोगाचं काम, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. चौकशीची बातमी होते, सल्ल्याच्या पत्राची होत नाही. कुओमो प्रकरण मात्र जन्मलं ते सल्ल्याच्याच टेबलावर.

जेकोप: गणितातच अडकलेला आयोग

2020 मधल्या आयोगाचं लांबलचक नाव होतं जॉइंट कमिशन ऑन पब्लिक एथिक्स. ऑल्बनीत सगळे त्याला जेकोप म्हणत. तो 2011 च्या कायद्याने आला आणि तो कायदा स्वतः कुओमोंनी, पहिल्याच वर्षी, राजकारणातली घाण काढतो म्हणून आणला होता. त्याआधीचा आयोग 2007 चा, त्याच्या मागचा 1987 च्या कायद्यातला. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत हे तिसरं घर.

जेकोपचे 14 सदस्य. सहा गव्हर्नर आणि उपगव्हर्नर मिळून नेमणार, तीन सिनेटमधल्या बहुमताचे नेते, तीन असेंब्लीचे सभापती, आणि दोन्ही सभागृहांतल्या अल्पमत पक्षांचे नेते प्रत्येकी एक. अध्यक्ष कोण हे गव्हर्नर ठरवणार. कागदावर हे संतुलित दिसतं. दोन्ही पक्ष आहेत, दोन्ही सभागृहं आहेत, कोणा एकाचं बहुमत नाही.

खरी गोम मतदानाच्या कलमात होती. सखोल चौकशी सुरू करायला 14 पैकी आठ मतं हवीत. पण नुसती आठ पुरेशी नाहीत. गव्हर्नरसारख्या राज्यभरातून निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याची चौकशी असेल, तर त्या आठांत किमान दोन मतं गव्हर्नरने नेमलेल्या आणि त्या पदाधिकाऱ्याच्याच पक्षाच्या सदस्यांची हवीत. आमदाराची चौकशी असेल, तर त्याच्याच पक्षाच्या नेत्यांनी नेमलेल्यांपैकी किमान दोघांची. म्हणजे बारा जण एका बाजूला आले तरी चुकीचे दोन जण विरुद्ध गेल्यावर विषय तिथेच संपू शकत होता. त्यात गैरहजर सदस्य आणि रिकामी जागा यांचाही हिशेब नकारातच होई, कारण आठ मतं मोजली जात ती एकूण सदस्यसंख्येतून. एखाद्या नेत्याने आपल्या वाट्याची जागा महिनोन्महिने भरलीच नाही, तरी त्याने एक नकार नोंदवल्यासारखंच होतं.

हे कलम घालणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की, एका पक्षाने दुसऱ्यावर आयोग सोडू नये. भीती खोटी नव्हती. पण त्यावरचा उपाय म्हणून नकाराधिकार नेमका ज्याची चौकशी करायची त्याच्याच माणसांच्या हाती गेला. शिवाय माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा आणि खुल्या सभांचा कायदा या दोन्हींतून जेकोपला सूट होती. चौकशीचा प्रस्ताव फेटाळला गेला, हे बाहेर सांगणंही बेकायदा. त्यामुळे आयोग काही करत नाही असं लोकांना वाटलं, तर ते खरं की खोटं हे तपासायची सोयच नव्हती.

जानेवारी 2019 ची घटना यात फार बोलकी आहे. कुओमोंचे एकेकाळचे निकटचे सहकारी जोसेफ पर्कोको 2018 मध्ये लाचखोरीच्या खटल्यात दोषी ठरले होते (ती शिक्षा पुढे मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली). सरकारी नोकरी सोडून निवडणूक प्रचारात गेल्यावरही ते गव्हर्नरच्या कार्यालयातूनच काम करत होते, हे त्या खटल्यात पुढे आलं होतं. त्यासंबंधीच्या चौकशीवर जेकोपची बंद दाराआड बैठक झाली. बैठक संपून काही तास होत नाहीत तोच, असेंब्लीच्या सभापतींनी नेमलेल्या एका महिला सदस्याला सभापतींच्या कार्यालयातल्या वकिलांचा फोन आला: तुम्ही कसं मत दिलं याबद्दल गव्हर्नरनी सभापतींकडे तक्रार केली आहे. गुप्त मतदान गव्हर्नरपर्यंत पोचलं कसं? सरकारी कारभारातले गैरप्रकार तपासणाऱ्या, राज्याच्या महानिरीक्षकांच्या कार्यालयाने याची चौकशी केली. पण गव्हर्नर आणि सभापती या दोघांचेही जबाब न घेता ती बंद केली गेली. महानिरीक्षक होत्या कुओमोंच्याच जुन्या सहकारी, ज्यांनी याआधी जेकोपचं कार्यकारी संचालकपदही भूषवलं होतं. त्या सदस्याने पुढे राजीनामा दिला.

कोणी पैसे खाल्ले, कोणी धमकी दिली, असं यात काही नाही. एक फोन आला, इतकंच. पण एखाद्या सदस्याला आपलं मत तासाभरात कुठे पोचतं हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी हात वर करताना तो काय विचार करेल हे सांगायला नको.

पुस्तक

आता पुन्हा 2020. कुओमोंच्या रोजच्या पत्रकार परिषदा देशभर पाहिल्या जात होत्या. पुस्तक ऑक्टोबरमध्ये, म्हणजे परवानगीनंतर तीन महिन्यांच्या आत, बाजारात आलं. साथीच्या ऐन मध्यावर, राज्याचा कारभार सांभाळत, इतक्या वेगाने पुस्तक कसं तयार झालं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

2021 च्या वसंतात बातम्या येऊ लागल्या. वृद्धाश्रमांतल्या मृत्यूंच्या आकड्यांचा वाद आणि लैंगिक छळाच्या तक्रारी यांच्यासोबत पुस्तकाचाही विषय निघाला. असेंब्लीच्या न्याय समितीसाठी एका खासगी वकील संस्थेने केलेल्या तपासाचा अहवाल नोव्हेंबर 2021 मध्ये आला. त्यात तपशील होता: कनिष्ठ कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत मजकूर टाइप करायला, छापून गव्हर्नरच्या निवासस्थानी पोचवायला सांगितलं जाई. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुस्तकासंबंधी सुमारे हजार ई-मेलची देवाणघेवाण केली होती. कुओमोंचं म्हणणं असं की, मदत करणाऱ्यांनी स्वखुशीने, आपल्या वेळात मदत केली. कोणावर सक्ती नव्हती. या मुद्द्यावर रीतसर सुनावणी होऊन निष्कर्ष निघणं आवश्यक होतं. पुढचा सगळा गोंधळ ती सुनावणी न झाल्यामुळे झाला.

मला यात परवानगीचं पत्र सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गव्हर्नरच्या बाहेरच्या उत्पन्नासारखा विषय, आणि तो आयोगाच्या कर्मचाऱ्याने, अर्जदाराच्याच वकिलांनी दिलेल्या हमीवर विसंबून, सदस्यांपुढे न नेता मिटवला. तशी पद्धत होती. अधिकार कर्मचाऱ्यांकडे सोपवलेले होते. साध्या कारकुनाच्या शिकवणीच्या अर्जाला ती पद्धत योग्यच आहे, नाहीतर हजारो अर्जांखाली आयोग गाडला जाईल. पण त्याच रांगेत गव्हर्नरचा अर्ज ठेवला, की तो कर्मचारी एकटा पडतो. त्याच्या आयोगाचा अध्यक्ष ज्याने नेमला त्याच्याच अर्जावर त्याने अडचणीचे प्रश्न विचारायचे, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. किती पैसे, कोण देणार, लिहिणार कोण, किती महिन्यांत, हे प्रश्न चौदा जणांच्या सभेत कोणीतरी विचारलेच असते.

उलटी चाल

3 ऑगस्ट 2021 रोजी राज्याच्या महाधिवक्ता लटिशिया जेम्स यांचा लैंगिक छळाच्या तक्रारींवरचा अहवाल आला. कुओमोंनी आरोप नाकारले, पण आठवड्याभरात राजीनामा जाहीर केला आणि 24 ऑगस्टला पद सोडलं. उपगव्हर्नर कॅथी होकल त्यांच्या जागी आल्या. त्यांनी जेकोपवर नवे सदस्य पाठवले. याआधी परवानगी मागे घेण्याचा प्रयत्न आयोगात फसला होता. नोव्हेंबर 2021 मध्ये तो 12 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला. महिन्याभराने, 14 डिसेंबरला, तेवढ्याच मतांनी आयोगाने कुओमोंना पुस्तकाचे सगळे पैसे 30 दिवसांत परत करण्याचा आदेश दिला.

हा क्षण विचार करण्यासारखा आहे. कायद्याचं एकही अक्षर बदललेलं नव्हतं. तीच कलमं, तोच आयोग. बदलला होता फक्त गव्हर्नर. जो आयोग वर्षभर जागचा हलत नव्हता तो एका महिन्यात 51 लाख डॉलर परत मागू लागला. आयोगाचा कणा कायद्यात असता, तर ऑगस्टच्या आधीचा आणि नंतरचा आयोग इतका वेगळा दिसला नसता.

आणि या घाईत आयोगाने पायऱ्या गाळल्या. आदेश वसुलीसाठी महाधिवक्त्यांकडे गेला, तेव्हा त्यांच्या कार्यालयाने तो परत पाठवला: आधी तुमची स्वतःची चौकशी, नोटीस, सुनावणी आणि निष्कर्ष ही प्रक्रिया पूर्ण करा, मग वसुलीचं बघू. कुओमो न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 2022 मध्ये ऑल्बनीच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाजू मांडायची संधी न देता परवानगी काढून घेता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. ज्यांना कुओमोंचा राग होता त्यांना हा निकाल आवडला नाही. मला तो बरोबर वाटतो. आधी ज्याला हात लावायची हिंमत झाली नाही, त्याला सत्तेवरून गेल्यावर सुनावणीशिवाय दंड करायचा, याने आयोगाचा दरारा वाढत नाही. खाली पडलेल्यावर तुटून पडणं सोपं असतं.

नवा आयोग, आणि पंधरा अधिष्ठाता

तोपर्यंत जेकोप गेला होता. एप्रिल 2022 मध्ये अंदाजपत्रकाबरोबर नवा कायदा मंजूर झाला आणि 8 जुलै 2022 पासून कमिशन ऑन एथिक्स अँड लॉबिंग इन गव्हर्नमेंट, थोडक्यात कोएलिग, सुरू झाला. कामं तीच: विवरणपत्रं, लॉबिस्ट, सल्ला, प्रशिक्षण, चौकशी. बदल केला तो सांध्यांवर.

सदस्य 11. गव्हर्नर तीन, सिनेटचे बहुमतातले नेते दोन, असेंब्लीचे सभापती दोन, दोन्हीकडच्या अल्पमत पक्षांचे नेते एकेक, महाधिवक्ता एक आणि राज्याचे हिशेब पाहणारे कम्प्ट्रोलर एक. पण हे फक्त नावं सुचवणार. प्रत्येक नाव एका स्वतंत्र परीक्षण समितीपुढे जाणार आणि तिने पसंत केलं तरच नेमणूक होणार. ही समिती म्हणजे राज्यातल्या मान्यताप्राप्त 15 विधी महाविद्यालयांचे अधिष्ठाता किंवा त्यांनी पाठवलेले सहयोगी अधिष्ठाता. कोलंबिया, कॉर्नेल, फोर्डम, सिराक्यूज, बफेलो, ऑल्बनी अशी खासगी आणि सरकारी, महानगरातली आणि आतल्या भागातली महाविद्यालयं त्यात आली. कायद्याचं शिक्षण देणाऱ्यांवर अशी सार्वजनिक जबाबदारी टाकण्याची कल्पना मला मनापासून आवडली. समिती शोभेची ठरेल अशी शंका होती, पण पहिल्याच फेरीत सिनेटच्या अल्पमत पक्षाच्या नेत्यांनी सुचवलेलं एक नाव तिने नाकारलं आणि ते नाव होतं जुन्या जेकोपमधल्या एका सदस्याचं. तो वादही न्यायालयात गेला.

मागच्या दोन वर्षांत जो लॉबिस्ट, आमदार किंवा पक्षाचा पदाधिकारी होता त्याला सदस्य होता येत नाही. अध्यक्ष सदस्यच आपल्यातून निवडतात. चौकशीला साधं बहुमत पुरतं. कोणा पक्षाची दोन मतं हवीत ही अट गेली. खुल्या सभा आणि माहितीचा अधिकार दोन्ही लागू. आणि सर्वांत मोठा बदल: ज्याने नाव सुचवलं त्याला सदस्य परत बोलावता येत नाही. कर्तव्यात गंभीर कसूर किंवा गैरवर्तन असेल तर आयोग स्वतःच बहुमताने सदस्याला काढतो.

चौकशीची वाटही स्पष्ट झाली. तक्रार आली की कर्मचारी प्राथमिक छाननी करतात. दम असेल तर संबंधिताला आरोप कळवून लेखी उत्तरासाठी मुदत देतात. मग सदस्य मतदान करून पूर्ण चौकशी सुरू करायची का ते ठरवतात. पुढे स्वतंत्र सुनावणी अधिकाऱ्यापुढे पुरावा, उलटतपासणी, त्यावर आयोगाचा निर्णय, आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद. काही कलमांच्या भंगाला 40 हजार डॉलरपर्यंत दंड आणि शिवाय मिळालेल्या लाभाइतकी रक्कम आकारता येते. आमदाराबाबत मात्र कोएलिग तपास करून अहवाल देतो आणि शिक्षेचा विषय विधिमंडळाच्या स्वतःच्या नीतिमत्ता आयोगाकडे जातो. ही फट जुनीच, ती बुजवली गेली नाही. गव्हर्नरला बाहेरच्या आयोगापुढे उभं करायचं आणि आमदारांनी आपल्याच घरात न्याय मागायचा, हे मला पटत नाही.

हा आयोग घटनेत बसतो का?

कोएलिगने पुस्तकाचं प्रकरण नव्याने, या वेळी रीतसर, हाती घेतलं. 2023 मध्ये सुनावणीची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये कुओमोंनी दावा लावला: हा आयोगच घटनाबाह्य आहे.

त्यांचा मुद्दा हलका नव्हता. राज्याची घटना कायद्यांची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी गव्हर्नरवर टाकते. दंड करणं ही अंमलबजावणी झाली, म्हणजे कार्यकारी सत्ता. ती कोण वापरणार? असे 11 जण, ज्यांतले आठ गव्हर्नरने सुचवलेलेच नाहीत, ज्यांच्यावर विधी महाविद्यालयांचे अधिष्ठाता शिक्कामोर्तब करतात आणि ज्यांना गव्हर्नर काढू शकत नाही. मग त्यांनी चूक केली, छळ केला, तर मतदारांनी जाब कोणाला विचारायचा? अधिष्ठात्यांना तर कोणी निवडून दिलेलं नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये ऑल्बनीच्या न्यायालयाने हे मान्य केलं. मे 2024 मध्ये अपिलाच्या मधल्या न्यायालयाने एकमताने तेच म्हटलं: हेतू चांगला असला तरी सत्ताविभाजनाची चौकट मोडते, असा आयोग हवा असेल तर घटनादुरुस्ती करा. न्यूयॉर्कमध्ये घटनादुरुस्ती म्हणजे एकामागून एक दोन निवडून आलेल्या विधिमंडळांनी ठराव मंजूर करायचा आणि मग सार्वमत घ्यायचं. ओक्लाहोमा राज्याने 1990 मध्ये हाच रस्ता धरला आणि आपला आयोग थेट घटनेत घातला. तिथे हा प्रश्न उठतच नाही. अपील चालू असताना या निकालांना स्थगिती असल्यामुळे कोएलिगचं इतर काम सुरू राहिलं, पण आपण उद्या असू की नसू हे माहीत नसलेल्या कार्यालयात माणसं कशी काम करत असतील याची कल्पना करता येते.

18 फेब्रुवारी 2025 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला तिथे कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात, 4 विरुद्ध 3 मतांनी निकाल फिरवला. बहुमताचा निकाल न्यायाधीश जेनी रिव्हेरा यांनी लिहिला. त्यातला मला भावलेला धागा असा: सत्तेचे कप्पे हवाबंद नसतात. कार्यकारी शाखेने स्वतःवरच नजर ठेवायची म्हटलं, की प्रामाणिक चौकशी होण्यात अडथळा मुळातच आहे, आणि त्यामुळे लोकांचा सरकारवरचा विश्वास जातो. तो अडथळा दूर करण्यासाठी विधिमंडळाने कायदा केला, गव्हर्नरने त्यावर सही केली, आणि विधिमंडळाने ती सत्ता स्वतःच्या खिशातही घातली नाही. सगळ्यांत जास्त नावं अजूनही गव्हर्नरच सुचवतात. आयोगाला दंडापलीकडे फारसे अधिकार नाहीत. तो गव्हर्नरला पदावरून दूर करू शकत नाही. एवढ्या मर्यादित क्षेत्रासाठी ही रचना चालते. विरोधी मतातल्या तिघांचं म्हणणं खालच्या न्यायालयांसारखंच: आज नीतिमत्तेसाठी, उद्या दुसऱ्या कोणत्या कारणासाठी गव्हर्नरच्या हातून सत्ता काढून घेतली जाईल.

एका मताने वाचलेला कायदा हा फार पक्का पाया नव्हे. पण खालच्या दोन न्यायालयांनी एकही फूट न पडता उलट कौल दिल्यावर तो वाचला, हेही लक्षात घ्यायला हवं.

आपल्याकडे पाहताना

महाराष्ट्राने 1971 मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला आणि देशात सर्वांत आधी ते पद प्रत्यक्षात आणलं, याचा अभिमान आहेच. पण त्या लोकायुक्तांचे अधिकार शिफारशीपुरते राहिले. अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत 2019 मध्ये केलेल्या उपोषणातली एक मागणी सक्षम लोकायुक्तांचीच होती. त्यानंतरचं नवं विधेयक विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये मंजूर केलं. त्यात मुख्यमंत्री कक्षेत आले, पण त्यांची चौकशी सुरू करायला विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची पूर्वसंमती लागेल अशी अट आली. जेकोपमध्ये दोन सदस्यांचा नकार जे करू शकत होता, ते इथे एक-तृतीयांशाहून थोडे जास्त आमदार करू शकतील. बहुमत असल्याशिवाय मुख्यमंत्री त्या खुर्चीत बसतच नाही, म्हणजे तेवढे आमदार त्याच्यामागे पहिल्या दिवसापासून उभे असतात. ज्या वर्षी हे विधेयक चर्चेत होतं, त्याच वर्षी न्यूयॉर्कने तशाच कलमाला कंटाळून आपला अकरा वर्षांचा आयोग मोडीत काढला होता. आपल्या सभागृहांत त्या अनुभवाची चर्चा व्हायला हवी होती, असं मला तीव्रतेने वाटतं.

न्यूयॉर्कच्या रचनेतलं सगळंच उचलण्यासारखं नाही. अधिष्ठात्यांची समिती आपल्याकडे नेमायची तर आधी अधिष्ठात्यांच्या नेमणुका सरकारच्या प्रभावापासून मोकळ्या हव्यात. पण नाव सुचवणारा, पारखणारा आणि काढणारा हे तीन हात वेगवेगळे ठेवण्याची कल्पना कुठेही चालेल. कर्मचाऱ्यांनी परस्पर परवानगी देण्याची मर्यादाही पदानुसार ठरवता येईल: मंत्र्याचा किंवा त्याहून वरच्या पदावरच्या माणसाचा अर्ज असेल तर तो सदस्यांच्या खुल्या सभेत, कागदपत्रांसह.

फेब्रुवारी 2025 च्या निकालानंतर दोन आठवडे व्हायच्या आत कुओमो न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या शर्यतीत उतरले. जूनमधली पक्षांतर्गत निवडणूक ते झोहरान ममदानी यांच्याकडून हरले आणि नोव्हेंबरमधली मुख्य निवडणूकही. न्यायालयाने उत्तर दिलं ते एवढ्याच प्रश्नाचं: हा कायदा जसा लिहिला आहे तसा घटनेत बसतो का. एखाद्या विशिष्ट प्रकरणात आयोगाने आपले अधिकार वापरताना हद्द ओलांडली, असं म्हणत न्यायालयात जायची वाट पुढच्या कोणालाही मोकळीच आहे. आणि 2020 च्या उन्हाळ्यात त्या पुस्तकासाठी कोणत्या कर्मचाऱ्याने कोणाच्या वेळात काम केलं, या मूळ प्रश्नावर निर्णय द्यायचा अधिकार निकालाने आयोगाकडे परत आला.